वायफायचं कार्ड आणि मिक्सरचं भांडं

आमचा लॅपटॉप आठ वर्षांचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली आणि विंडोज ११ काही या जुन्या गड्यावर चढेना. दिवाळीत पुण्याचा भाचा रेवदंड्याला आला होता. “मामी, लिनक्स घालून देतो, फुकट असतं,” म्हणाला आणि तासाभरात घालूनही दिलं. तो परत गेल्यावर लक्षात आलं, वायफाय दिसतच नाही!

मुलगी बारावीला, तिचे क्लास रात्री ऑनलाइन. माझ्याही शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यावरच. अलिबागच्या एका दुकानदाराने सरळ सांगितलं, “वहिनी, हा टाका आता, नवा घ्या.” हे गप्प. नव्याचे तीस-चाळीस हजार कुठून आणायचे?

भाच्याला फोन केला. त्याने फोन केबलने लॅपटॉपला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करायला सांगितलं. मैत्रिणींनो, नेट लगेच आलं! एवढं कळलं असतं तर अलिबागची खेप वाचली असती. पण रोज रात्री फोन अडकवून कसं चालेल?

दोष लॅपटॉपचा नव्हता. आतल्या वायफाय कार्डावरची चिप चालवायला ड्रायव्हर नावाची लिपी लागते. इंटेलच्या बहुतेक कार्डांची ती लिनक्समध्ये आधीच असते. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांची मात्र वेगळी उतरवावी लागते, आणि लिनक्स अद्ययावत केलं की कधीकधी तीही रुसते. आपल्याकडे कुठली चिप आहे ते पाहायला टर्मिनल उघडून एल, एस, पी, सी, आय ही पाच इंग्रजी अक्षरं लहान लिपीत, सलग टंकायची. येणाऱ्या यादीत ‘नेटवर्क’ शब्द असलेली ओळ वहीत उतरवून घ्या. दुकानात तीच दाखवायची.

यापुढची चूक माझीच. स्वस्त मिळालं म्हणून इंटेलचं एएक्स२०१ मागवलं. खाचेत छान बसलं, चालेना! मिक्सरचं भांडं दिसायला सारखं, पण खालची चक्री दुसऱ्या कंपनीची, तसं झालं. एएक्स२०१ चं निम्मं काम इंटेलच्या ठरावीक नव्या प्रोसेसरमध्येच होतं. आम्हाला हवं होतं एएक्स२००. एका आकड्याचा फरक! शिवाय जुन्या काही एचपी आणि लेनोवो लॅपटॉपना कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड चालतच नाही, तेही आधी विचारावं.

यूएसबीचं बोटाएवढं अडॅप्टर सोपं, पण डबीवरच्या नावावर जाऊ नका. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन च्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती, दुसरीत रिअलटेकची. नाव तेच!

कार्ड मी स्वतः बसवलं. आधी लॅपटॉप बंद करून चार्जर आणि बॅटरी काढली. जुन्या कार्डाला दोन बारीक वायरी असतात, एक काळी, एक पांढरी. त्यांचा फोटो काढून ठेवला. त्या टोपणांना जोर लावायचा नाही, ब्लाउजच्या टिचबटणासारखी अलगद दाबायची. कार्ड तिरकं सरकवून एक स्क्रू.

रात्री साडेआठला मुलीचा क्लास सुरू झाला. सासूबाई दारातून म्हणाल्या, “झालं का गं तुझं ते कार्ड?” जुनं कार्ड पुडीत बांधून सुयांच्या डबीत ठेवलंय.