विष, जिवाणू आणि तांबडी पेशी

घोणस जातीच्या सापाचे ताजे विष पिवळसर दिसते. हा रंग त्यातल्या एका विकराचा असतो. ते विकर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि त्याच्या माऱ्याने जिवाणू मरतात. भक्ष्य लुळे पाडण्यासाठी तयार झालेल्या विषात जिवाणूनाशक द्रव्येही असतात, ती अशी. मात्र विकर हे मोठे प्रथिन असते आणि औषध म्हणून ते शरीरात देणे अवघड जाते. म्हणून शोध पेप्टाइडांचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांचा चालतो. मधमाशीच्या विषातल्या मेलिटिनमध्ये 26 अमिनो आम्ले असतात, गांधीलमाशीच्या मास्टोपॅरानमध्ये अवघी 14.

घोटावड्यासारख्या मुळशीतल्या गावांत भातखाचराच्या बांधावर घोणस दिसली की आधी आठवते ती दंशावरची लस. ही लस बनवण्याचे काम तिथून फार लांब नसलेल्या पिंपरीत हाफकिन संस्थेच्या घोड्यांवर होत आले आहे. घोड्याला विषाची अल्प मात्रा वाढवत वाढवत टोचायची आणि त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये वेगळी करायची, अशी ती रीत. त्याच पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला. तिथल्या संशोधकांना पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हमायसिन हे बुरशीनाशक मिळाले आणि त्या सूक्ष्मजीवाला 'पिंप्रिना' हे नाव पडले. विषातून प्रतिजैविक काढण्याच्या कामात या दोन्ही विद्यांची गाठ पडते.

विषातली पेप्टाइडे जिवाणूवर विद्युतभारामुळे चिकटतात. बहुतेकांवर धनभार असतो, जिवाणूच्या आवरणावर ऋणभार. चिकटल्यावर पेप्टाइड मळसूत्रासारखे वळते, आवरणात शिरते, भोके पडतात आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. नेहमीची औषधे बहुधा एखाद्या ठरावीक प्रथिनावर नेम धरतात. ते प्रथिन किंचित बदलले की जिवाणू सुटतो. आख्खे आवरण बदलणे त्याला त्याहून जड जाते, अशक्य मात्र नाही.

प्रयोगशाळेत 96 खळग्यांची प्लास्टिकची थाळी घेतात. प्रत्येक पुढच्या खळग्यात पेप्टाइडचे प्रमाण निम्मे करत जातात, सगळीकडे सारखेच जिवाणू घालतात आणि थाळी रात्रभर 37 अंशांवर ठेवतात. सकाळी काही खळगे नितळ असतात, काही गढूळ. सर्वांत कमी औषधातही जो खळगा नितळ राहिला, तो त्या पेप्टाइडची ताकद सांगतो.

खरी कसोटी पुढची. धुतलेल्या तांबड्या रक्तपेशींत तेच पेप्टाइड मिसळतात, तासाभराने नळी वेगाने फिरवतात. पेशी शाबूत असतील तर त्या तळाशी बसतात आणि वरचे पाणी स्वच्छ राहते. फुटल्या असतील तर पाणी लाल होते. मेलिटिन इथेच अडते, कारण जिवाणू मारणाऱ्या मात्रेतच ते रक्तपेशीही फोडते. या कामातली सर्वांत कष्टाची आणि मोलाची पायरी हीच आहे. साखळीतले एकेक अमिनो आम्ल बदलायचे, धनभार वाढवायचा, चिकट तेलकट भाग कमी करायचा आणि दोन्ही चाचण्या पुन्हा करायच्या. 2020 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मास्टोपॅरानवर असाच बदल करून कमी विषारी रूप मिळवले गेले.

आता आरंभीची चाळणी संगणक करतो. त्याच विद्यापीठातल्या गटाने 2025 मध्ये सोळा हजारांहून अधिक विष-प्रथिने तपासून 386 संभाव्य पेप्टाइडे निवडली. त्यातली 58 प्रत्यक्ष बनवली आणि त्यांपैकी 53 पेप्टाइडे जिवाणूंवर चालली. साप पकडून विष काढण्याची गरज यात पडत नाही. साखळीचा क्रम कळला की ती यंत्रावर एकेक आम्ल जोडून बांधता येते.

विषातून आलेली औषधे नवी नाहीत. रक्तदाबावरचे कॅप्टोप्रिल ब्राझीलमधल्या सापाच्या विषाच्या अभ्यासातून आले आणि 1981 पासून वापरात आहे. विषातून काढलेले प्रतिजैविक मात्र अजून बाजारात आलेले नाही. रक्तातली विकरे पेप्टाइड थोड्याच वेळात तोडून टाकतात. त्यावर उपाय म्हणून उलट्या वळणाची, आरशातली वाटावीत अशी अमिनो आम्ले वापरतात किंवा साखळीची दोन टोके जोडतात. त्यानंतर उंदरांच्या जखमांवर चाचणी होते. एसिनेटोबॅक्टर या जिवाणूच्या संसर्गात काही विष-पेप्टाइडांनी उंदरांतील जिवाणूंची संख्या घटवली आहे. माणसांवरच्या चाचण्या त्यापुढे.