विश्लेषण : ई-सायकलचे ‘लॉक’ काढणे का धोक्याचे? वेग २५ वरून ४० झाला की काय बदलते?

ना लायसन्स, ना पासिंग, ना पेट्रोलचा खर्च. दहावीतल्या मुलाला क्लासला जाण्यासाठी ई-सायकल हा पर्याय म्हणूनच अनेक पालकांना सोयीचा वाटतो. थोड्याच दिवसांत मात्र ‘पंचवीसच्या पुढे पळतच नाही’ अशी तक्रार सुरू होते आणि ‘लॉक काढून देतो, चाळीसने पळेल’ असे सांगणाराही कोणी तरी भेटतो. काम पाच मिनिटांचे असते. परिणाम मात्र ब्रेकपासून विम्यापर्यंत होतात.

२५ची मर्यादा नेमकी काय?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, पेडल मारताना साथ देणाऱ्या मोटरची क्षमता २५० वॅटपेक्षा कमी हवी. वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत जाऊन ताशी २५ किलोमीटरला ती पूर्ण थांबली पाहिजे. पेडल मारणे थांबवले तरी मोटर बंद व्हायला हवी. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टरही आवश्यक आहे. या अटी पाळणारी सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही. म्हणूनच तिला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही.

उतारावर किंवा स्वतःच्या पायांच्या जोरावर वेग २५च्या पुढे गेला, तर नियम मोडत नाही. बंधन आहे ते मोटरवर. युरोपीय संघातही सामान्य ई-सायकलसाठी २५० वॅट आणि २५ किलोमीटर हीच मर्यादा आहे.

१५ किलोमीटरने एवढा काय फरक पडतो?

२५ ते ४० म्हणजे वेग १.६ पट झाला. पण धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे अडीच पट होते.

समोर अचानक कोणी आले, चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागला आणि सायकल चांगल्या, कोरड्या रस्त्यावर आहे असे धरून हिशेब मांडू. २५च्या वेगात सायकल सुमारे १३ मीटरवर थांबते; ४०च्या वेगात सुमारे २६ ते २७ मीटर लागतात. अंतर थेट दुप्पट. ओल्या रस्त्यावर, खडीवर किंवा झिजलेल्या ब्रेक पॅडवर ते आणखी वाढते.

हेल्मेट असले तर?

हेल्मेट हवेच, पण त्याचीही मर्यादा आहे. सायकल हेल्मेटच्या ‘ईएन १०७८’ या युरोपीय मानकात सपाट पृष्ठभागावरील आघाताची चाचणी ताशी सुमारे १९.५ किलोमीटर वेगाने होते. जास्त वेगाच्या ई-सायकलसाठी नेदरलँड्समध्ये ‘एनटीए ८७७६’ हे वेगळे, अधिक कडक मानक तयार करावे लागले, ते यामुळेच.

कायद्याच्या नजरेत काय बदलते?

लॉक काढताच नोंदणीतून मिळालेली सूट संपते. मग ती सायकल म्हणजे विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरू शकते. अपघातात समोरच्याला इजा झाली, तर भरपाईचा भार कुटुंबावर येऊ शकतो. चालक अल्पवयीन असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ मध्ये पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये परिवहन आयुक्त कार्यालयाने बेकायदा फेरफार केलेल्या ई-बाइकविरोधात तपासणी मोहिमेचे आदेश दिले होते.

घरी काय तपासाल?

- सपाट रस्त्यावर २५च्या आसपास मोटरची मदत थांबते का? मोबाइलमधील जीपीएस स्पीडोमीटरने पाहा. मोबाइल हातात न धरता हँडलच्या होल्डरमध्ये लावा.
- ब्रेक दाबताच मोटर बंद होते का?
- खरेदी करताना एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र दाखवले का?
- सायकल जुनी घेतली असेल, तर कंट्रोलर किंवा बॅटरी बदलली आहे का?

मोटर २५च्या पुढेही ओढत असेल, तर मूळ सेटिंग परत करून घ्या. चार किलोमीटरवरच्या क्लासला २५च्या वेगाने साधारण दहा मिनिटे लागतात, ४०ने सहा. वाचतात फक्त चार मिनिटे, तीही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर.