आपल्या हातचं अक्षर

'कमल' हा शब्द ब्रेलमध्ये लिहायला आठ टोचे पुरतात. 'क'साठी दोन, 'म'साठी तीन, 'ल'साठी तीन. अंधशाळेत नव्याने आलेली मुलगी ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवते आणि स्टायलसने टोचू लागते, तेव्हा तिचा हात उजवीकडून डावीकडे सरकत असतो आणि प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं पडत असतं. कारण ठिपका उमटतो तो कागदाच्या पाठीवर. कागद काढून पालथा केला, की तोच शब्द सरळ होऊन बोटांखाली येतो. लिहायचं उलटं, वाचायचं सुलटं. डोळस माणसाला हे ऐकूनच गोंधळायला होतं. वर्गात मात्र पंधरा-वीस पाट्यांवर एकाच वेळी टक-टक चालू असते आणि त्या आवाजावरूनच कोण भराभर लिहितंय, कोण अडलंय, हे बाईंना कळतं.

दादर पूर्वेच्या कमला मेहता अंधशाळेत अशा मुलींच्या पिढ्या घडल्या. ही फक्त मुलींची, निवासी शाळा. १९०० साली, दुष्काळ असताना, ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी ती सुरू केली. त्याआधी १८८७मध्ये अमृतसरला ॲनी शार्प यांनी देशातली पहिली अंधशाळा काढली होती. मुंबईत मग ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा (१९०२), वरळीचं हॅपी होम (१९२५) आणि पुण्यात कोरेगाव पार्कची अंधशाळा (१९३४) उभी राहिली. या शाळांनी भीक किंवा भजन एवढ्यावरच संपणारी अनेक आयुष्यं वेगळ्या वाटेला लावली. पण या शाळांनी नेमकं काय दिलं, असं विचारलं तर निवारा, जेवण, गाणं, वेतकाम या सगळ्याच्या आधी लिहिणारा हात दिला, असंच म्हणावं लागेल.

वाचणं आणि लिहिणं यांतला फरक पॅरिसमधल्या एका मुलाला फार लवकर उमगला होता. तिथे व्हॅलेंटिन हाउई यांनी १७८५मध्ये अंध मुलांची शाळा काढली होती. कागदावर नेहमीची रोमन अक्षरं उठावदार छापायची आणि मुलांनी ती चाचपून वाचायची, अशी त्यांची रीत. पुस्तकं जड आणि मोजकी. शिवाय मुलं ती कशीबशी वाचत, पण त्या पद्धतीने स्वतः लिहिणं त्यांना जवळजवळ अशक्य होतं. लुई ब्रेल या शाळेत १८१९मध्ये आला. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या खोगीर-सामानाच्या कारखान्यात आरी डोळ्यात घुसली आणि पुढे त्याची दृष्टी गेली होती. शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्याने बारा ठिपक्यांची लिपी काढली होती. त्या बारांचे सहा करून, पंधराव्या वर्षी लुईने आपली लिपी बांधली. सहाच ठिपके, कारण तेवढे एका बोटाच्या पेराखाली मावतात. त्यांतून ६३ खुणा तयार होतात. साधन म्हणून त्याने वापरली ती आरीसारखीच टोकदार वस्तू. शाळेतल्या मोठ्या माणसांनी या लिपीला बराच काळ विरोध केला आणि मुलांनी ती लपूनछपून चालू ठेवली. लुई १८५२मध्ये वारला, शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४मध्ये.

आपल्याकडे ही लिपी आली तेव्हा प्रत्येक प्रांताने आपापली तऱ्हा काढली. अखेर १९५१मध्ये भारती ब्रेल ठरलं. त्यात मराठीचा 'क', तमिळचा 'क' आणि बंगालीचा 'क' यांना एकच खूण आहे. मराठी शिकणाऱ्या मुलीच्या दृष्टीने यात एक मोठी सोय आहे. देवनागरीत 'किरण' लिहिताना पहिली वेलांटी आधी येते आणि 'क' नंतर. ब्रेलमध्ये आधी 'क', मग 'इ', मग 'र', मग 'ण', म्हणजे उच्चाराच्याच क्रमाने. कान्यामात्र्यांना वेगळी चिन्हंच नाहीत, स्वराचीच खूण व्यंजनानंतर येते. जोडाक्षरासाठी मात्र मोडक्या अक्षराच्या आधी चौथ्या ठिपक्याची सूचना द्यावी लागते: पुढे पाय मोडलेलं अक्षर येतंय, सावध. डोळसांच्या लिपीत पाय मोडल्याचं नंतर दिसतं, इथे बोटाला आधीच कळतं.

गणिताची पाटी निराळी. तिला टेलर फ्रेम म्हणतात. इंग्लंडच्या विल्यम टेलर यांनी एकोणिसाव्या शतकात ती बनवली. पाटीला आठ कोनांची भोकं असतात आणि त्यांत धातूचे छोटे खिळे बसवायचे. खिळा कोणत्या कोनात फिरवून बसवला यावर आकडा ठरतो. खिळ्याच्या एका टोकाला सलग कड आणि दुसऱ्याला दोन टोकं असल्याने आठाचे सोळा प्रकार होतात, त्यांत अंक आणि बेरीज-वजाबाकीच्या खुणा मावतात. हातचा घेऊन तीन अंकी गुणाकार करायचा, तर खिळ्यांच्या रांगाच्या रांगा लागतात, आणि पाटीला धक्का लागून खिळे सांडले तर गणित पुन्हा पहिल्यापासून. एवढी चिकाटी कमावलेल्या मुलांना पुढे गणित-विज्ञान झेपणार नाही म्हणून कला शाखेकडे वळवलं जातं, हे दुःखदायक आहे. आंध्रच्या श्रीकांत बोल्ला यांना दहावीनंतर विज्ञानाला प्रवेश मिळवण्यासाठी न्यायालयात जावं लागलं. ते हैदराबादच्या देवनार अंधशाळेचे विद्यार्थी. बारावीला त्यांना ९८ टक्के मिळाले आणि ते अमेरिकेत एमआयटीत शिकून आले. २०२४च्या 'श्रीकांत' या हिंदी चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोचली, पण त्यामुळे प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश-खिडकीवरचा संशय गेला असं नाही.

दादरच्या मुलींची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, ती मल्लखांबाची. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे (२०२४चे पद्मश्री) यांनी कमला मेहता शाळेतल्या मुलींना मल्लखांब शिकवला. आसन दाखवायचं कसं, हा इथला पहिला प्रश्न. 'माझ्याकडे बघ आणि तसं कर' हे वाक्य इथे निरुपयोगी. मग शिकवणाऱ्याच्या हातापायांची ठेवण चाचपून समजून घ्यायची, आपला हात-पाय त्या जागी ठेवून घ्यायचा, आणि मग शरीराने ते लक्षात ठेवायचं. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी धरून वर चढतात. गाठ मारायची नाही, नुसत्या पकडीवर आणि वेढ्यांवर अंग तोलायचं. म्हणजे सगळा कारभार कातडीचा आणि तोलाचा. जमिनीवरून बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण वर उलटी लटकलेली मुलगी जमीन किती खाली आहे हे बघतच नसते. तिचं लक्ष वेढा घट्ट बसलाय का, इकडे. हा खेळ पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी घडवला तेव्हा तो अंध मुलींच्या इतका अंगचा ठरेल, असं कुणाच्या मनातही आलं नसेल.

क्रिकेटमध्ये कान कामाला येतात. चेंडू टणक प्लास्टिकचा, आत छर्रे. गोलंदाज आधी 'रेडी?' विचारतो, फलंदाजाचा होकार आला की 'प्ले' म्हणून चेंडू खालून टाकतो आणि तो खेळपट्टीच्या मध्याच्या आधी एक टप्पा पडलाच पाहिजे, म्हणजे ऐकायला वेळ मिळतो. अकरांत पूर्ण अंध खेळाडू किमान चार, आणि त्यांनी काढलेल्या धावा दुप्पट. नोव्हेंबर २०२५मध्ये अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक झाला. कोलंबोतल्या अंतिम सामन्यात नेपाळला हरवून भारताने तो जिंकला, तेव्हा संघाची उपकर्णधार होती महाराष्ट्राच्या शेतकरी घरातली गंगा कदम. बुद्धिबळाला तर धावा दुप्पट करण्याचीही गरज पडत नाही. पटावरची काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टोक. एवढा बदल केला की अंध खेळाडू डोळसासमोर बरोबरीने बसतो. मुंबईच्या चारुदत्त जाधव यांनी अंधांच्या बुद्धिबळाची देशव्यापी संघटना बांधली. दोन्ही हात पटावर फिरत असतात आणि सगळा डाव डोक्यात उभा असतो.

मात्र शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं, की या हातांची किंमत अचानक कमी होते. दहावीची परीक्षा येते आणि ब्रेल बाजूला ठेवावं लागतं, कारण उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ते येत नाही. मग 'रायटर' शोधायचा. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा, त्याचे पालक राजी हवेत, त्याची स्वतःची परीक्षा त्याच दिवसांत नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंधशाळांतल्या शिक्षकांचा अभ्यास घेण्याइतकाच वेळ या शोधात जातो. वर्षभर स्वतःच्या हाताने लिहिणारी मुलगी ऐन मोक्याच्या तीन तासांत दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहते. प्रमेय तोंडाने सांगायचं, आकृती तोंडाने सांगायची, ऱ्हस्व-दीर्घ त्याच्या मर्जीवर. लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान वीस मिनिटं जादा द्यावीत, असं केंद्र सरकारने २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं होतं. वेळ मिळतो खरा, पण हात आपला नसतो.

प्रांजल पाटील यांच्या वाटचालीत ही सगळी वळणं आहेत. उल्हासनगरच्या प्रांजल यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दहावीपर्यंत त्या कमला मेहता शाळेत मराठी माध्यमातून शिकल्या, बारावी उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजात, बीए सेंट झेवियर्समध्ये. त्यासाठी रोज लोकलने उल्हासनगर ते सीएसटी. ती गर्दी डोळे असलेल्यांनाही नकोशी होते. पुढे जेएनयूत शिकताना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीवर त्यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाचा अभ्यास केला. मुख्य परीक्षेत त्या सांगत आणि एक मैत्रीण लिही. तीन तासांच्या पेपरला चार तास. बोलण्याचा आणि लिहिण्याचा वेग जुळवायचा, हाही त्या तयारीचाच भाग होता. २०१६मध्ये ७७३वा क्रमांक आला आणि रेल्वे लेखा सेवा मिळाली. मिळाली म्हणजे कागदावर; पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन ती नाकारण्यात आली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली. या वेळी क्रमांक १२४वा, सेवा आयएएस. १४ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांनी तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रं हाती घेतली.

हा 'नकार' एकट्या रेल्वेचा नाही. सही जुळणार नाही म्हणून अंध खातेदारांना चेकबुक न देण्याची सवय बँकांना इतकी लागली होती, की ४ जून २००८ रोजी रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून चेकबुक, एटीएम या सुविधा भेदभाव न करता द्या, असं सांगावं लागलं. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंध उमेदवारांना न्यायाधीशपदाच्या भरतीतून केवळ अंधत्वामुळे वगळता येणार नाही, असा निकाल दिला. त्या प्रकरणाची सुरुवात एका अंध उमेदवाराच्या आईच्या पत्राने झाली होती.

संगणकाने हात परत मिळवून दिला, हे मान्यच करायला हवं. पडदावाचक प्रणालीमुळे अंध मुलगी आज टंकन करून आपलं उत्तर आपणच लिहू शकते, तपासू शकते, खोडू शकते. पण या सोयीमागून एक चूक शाळांत शिरते आहे: सगळं ऐकता येतं तर ब्रेल कशाला? कशाला, याचं उत्तर मराठीच्या तासाला मिळतं. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कानाने कळत नाही, परिच्छेद कुठे सुटला ते कळत नाही, 'श' की 'ष' हे कळत नाही. बोटाखालून शब्द गेला तरच तो अक्षरागणिक आपला होतो. डोळस मुलांना ध्वनिफिती देऊन पुस्तकं काढून घेतली असती, तर केवढा गहजब झाला असता.

आणि वाचायला हवं ते पाठ्यपुस्तकापुरतं नाही. पत्रकार स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, ते याच भुकेसाठी. त्याआधीपासून ते अंध कलाकारांना घेऊन नाटकं बसवत होते. पुढे 'अपूर्व मेघदूत'मध्ये त्यांनी एकोणीस अंध कलाकार रंगमंचावर उभे केले. पाक्षिकाचा अंक जाड कागदाचा, चांगला वजनदार. शाळेच्या वसतिगृहात तो आला की एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातो, रात्री दिवे गेल्यावरही वाचला जातो, कारण दिव्याशी त्याचा संबंधच नाही. खूप बोटं फिरली की ब्रेलचे ठिपके चपटे होत जातात. मग एखादी ओळ लागेनाशी होते, आणि आधी वाचून झालेली मैत्रीण ती म्हणून दाखवते.