नीयत बळ देते, पण मजुरी?

रमजानमध्ये शेजारीपाजारी हमखास विचारतात, 'दिवसभर पाण्याचा घोटही न घेता तुम्हाला काम जमतं कसं?' सहेरीच्या वेळी रोजाची नीयत केलेली असते, एवढंच त्याचं उत्तर. ऊन तेच, तहान तीच. पण ती कशासाठी सोसायची हे मनाशी पक्कं असलं की अंग साथ देतं.

आपल्या चकलांब्याच्या शेजारी, शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीत अशा नीयतीचं उदाहरण आहे. शब्बीर सय्यद यांच्या वडिलांनी खाटकाचा धंदा सोडून गाई सांभाळायला सुरुवात केली. शब्बीरभाईंनी ती दावण शंभरावर जनावरांपर्यंत वाढवली. दूध विकायचं नाही, जनावर कसायाला द्यायचं नाही, शेणखत विकून घर चालवायचं. दुष्काळी बीड जिल्ह्यात चाऱ्याची पेंढी मिळवणं म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण पहाटे उठून शेण काढायला लावणारी गोष्ट पुरस्काराच्या कितीतरी आधीची होती.

बंडरसन आणि थॉम्पसन या अमेरिकी संशोधकांनी प्राणिसंग्रहालयात जनावरांची निगा राखणाऱ्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध केला. 'हे काम माझ्यासाठीच आहे' असं मानणाऱ्यांना त्यातली घाण आणि कष्ट अर्थपूर्ण वाटत होते. मात्र कमी पगारावर राबण्याची तयारीही त्यांचीच जास्त, आणि म्हणून त्यांचा गैरफायदा घेतला जाण्याचा धोकाही त्यांनाच जास्त!

हे वाचून आपल्या आशाताई आठवतात. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या या बाईला आपण 'सेवा' म्हणून हात जोडतो, आणि मानधनासाठी तिला मोर्चा काढावा लागतो. उसाच्या फडावर गेलेल्या आपल्या गावोगावच्या जोडप्यांकडे तर हौसेचा प्रश्नच नाही. उचल फेडायची म्हणून कोयता हातात. अलीकडे रमजानही गाळप हंगामातच येतो.

नीयत ही राबणाऱ्याची ताकद आहे, राबवून घेणाऱ्याची सवलत नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण त्यासाठीच आहे. आज इफ्तारला खजूर उचलण्याआधी आपल्याकडे कुणाची मजुरी राहिली आहे का, तेवढं आठवून पाहू या. रोजा असो वा नसो, हा हिशेब प्रत्येक घराचा आहे.