तुकोबांच्या पुलावरून

सातवीत असताना मराठीच्या गुरुजींनी वर्गात विचारले होते, ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता कोणाची? मी हात वर केला आणि खणखणीत आवाजात सांगितले, लोकमान्य टिळकांची. सारा वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, ‘‘बेटा, हे दुसरे टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपल्या नागपुरात राहून गेलेले.’’ रेव्हरंड म्हणजे काय, हे मला कुठे ठाऊक! घरी येऊन अब्बांना विचारले. ते म्हणाले, ‘‘गिरजे का मौलवी समझ ले.’’

कोकणातला चित्पावन ब्राह्मण गिरजाघराचा मौलवी कसा झाला, हे कोडे मनात राहिले ते राहिलेच. बी.ए.ला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती आली, तेव्हा ते थोडे सुटले. पुढे चाळीस वर्षे ते पुस्तक अधूनमधून वाचत आलो. एखादे पुस्तक माणसाच्या आयुष्यात कसे शिरते आणि त्याची श्रद्धा कशी वाढत जाते, हे या नवरा-बायकोइतके मला दुसऱ्या कोणी शिकवले नाही. आज त्यांच्याविषयीच थोडे बोलायचे आहे.

टिळक नागपूरला आले ते पोटासाठी, आणि पुस्तकांसाठीही. इथले धनाढ्य गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत धर्मग्रंथांचा मोठा संग्रह होता. त्या ग्रंथांचे काम करण्यासाठी त्यांनी टिळकांना आश्रय दिला. टिळक संस्कृतात शीघ्रकविता करीत, व्याख्याने देत. धर्मचर्चेसाठी त्यांनी ‘ऋषि’ नावाचे मासिकही चालवले. पण मनाला स्वस्थता नव्हती. जातिभेद त्यांना बोचत होता. या देशाला एक नवा धर्मच हवा आणि तो आपणच मांडावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. म्हणजे हा माणूस धर्माला कंटाळलेला नव्हता, धर्मासाठी भुकेला होता. हे आधी लक्षात घेतले पाहिजे. पुढे जे घडले त्याची जमीन इथे, नागपुरातच, नांगरून तयार झाली होती.

१८९३च्या सुमारास टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले. ते तेव्हा संस्थान होते, आता छत्तीसगडमध्ये आहे. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी होता. तो काळ असा, की गोरा माणूस डब्यात असला की आपला माणूस अंग चोरून बसे. या गृहस्थाने मात्र टिळकांना आदराने जागा करून दिली. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. मग धर्माचा विषय निघाला. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती बायबलच्या नव्या कराराची एक प्रत ठेवली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि भाकीत केले, की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. पण शब्द दिला होता, म्हणून पुस्तक उघडले.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांपाशी ते थबकले. तिथे येशूचे डोंगरावरचे प्रवचन आहे. दान करावे ते गाजावाजा न करता, प्रार्थना करावी ती दार लावून, वैऱ्यावरही प्रेम करावे, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढण्याआधी आपल्या डोळ्यातले मुसळ पाहावे, असा त्याचा आशय. तत्त्वज्ञानाच्या ज्या प्रश्नांशी टिळक वर्षानुवर्षे झुंजत होते, त्यांची उत्तरे त्यांना या तीन अध्यायांत सापडली. पुढे त्यांचा ख्रिस्ती मंडळींशी पत्रव्यवहार झाला, वाद झाले, मनाशी झगडा झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

एवढेच सांगून थांबलो, तर ही एका पुस्तकाच्या जादूची गोष्ट होईल. तसे ते नव्हते. टिळक स्वतः सांगत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. लहानपणापासून कानावर पडलेली संतवाणी, देवाला मायबाप म्हणणारी, त्याच्याशी भांडणारी, त्याच्यासाठी रडणारी, तिनेच त्यांना नव्या कराराची भाषा कळू शकली. आणि पूल ओलांडल्यावर त्यांनी तो मागून जाळून टाकला नाही. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, कीर्तने केली. तोवर मराठी उपासनेत परदेशी वळणाची गाणी फार. टिळकांनी मराठी चर्चला मराठी गळा दिला. त्यांची भजने आजही रविवारी चर्चमध्ये म्हटली जातात.

या पुलावर ये-जा दोन्ही बाजूंनी झाली, हेही सांगायला हवे. टिळकांना त्या दिवसांत मार्गदर्शन करणाऱ्यांपैकी एक होते जस्टिन ॲबट हे अमेरिकन मिशनरी. याच ॲबटांनी पुढे आपले उतारवय तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई असे मराठी संत इंग्रजीत नेण्यात घालवले. टिळक तुकोबांकडून ख्रिस्ताकडे गेले आणि ॲबट ख्रिस्ताकडून तुकोबांच्या अंगणात येऊन बसले. दोघांनाही आपले घर सोडल्यासारखे वाटले नसावे.

आता लक्ष्मीबाईंकडे येऊ. माझ्या मते या कथेचा खरा जीव तिथे आहे.

नवऱ्याने पुस्तक वाचले आणि त्याचे आयुष्य बदलले. पण बायकोने ते पुस्तक वाचलेले नव्हते. ती वाढली सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात, जिथे धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. अकराव्या वर्षी लग्न झालेले. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, जोडाक्षरांशी कायमची झटापट. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी आली आणि तिचे घर मोडले. लहानग्या दत्तूला घेऊन ती नातेवाइकांकडे राहिली. चार-पाच वर्षे हा वनवास चालला. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई हे सारे इतक्या निर्मळपणे, मधूनच हसत सांगतात, की वाचणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी येते.

नंतर त्या तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे परतल्या, तेव्हाही धर्म बदलून नव्हे. आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल त्यांनी काही काळ वेगळीच ठेवली. आणि टिळकांनी ती ठेवू दिली. हा तापट, लहरी कवी, उद्याचा विचार न करता हातातले देऊन टाकणारा. पण बायकोच्या श्रद्धेला त्याने हात लावला नाही. लक्ष्मीबाईंनी आधी जातिभेद सोडला, तोही कोणाच्या सांगण्यावरून नाही. देवाने माणसे केली, जाती माणसांनी केल्या, हे त्यांना एके दिवशी आतूनच पटले. ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतरचा, १९०० सालचा. तो काळ दुष्काळाचा होता. अनाथ पोरे घरात येत होती, त्यांना न्हाऊमाखू घालायचे होते, पेज पाजायची होती. टिळकांना जे तीन अध्याय वाचून कळले, ते लक्ष्मीबाईंना पोरांची डोकी धुताना कळले असावे, असे मला नेहमी वाटते.

हे वाचले तेव्हा मी तरुण होतो, पण ते अंगी लागायला बरीच वर्षे गेली. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला नव्या कराराची एक मराठी प्रत मिळाली होती. ती घरी वाचत बसलेलो पाहून मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी अम्मीला विचारले, ‘‘लडका ठीक है ना?’’ अम्मी म्हणाली, ‘‘पढने दो. किताब से जो ईमान जाता है, वो कच्चाच रहता.’’ अम्मीला लिहिता येत नव्हते. ज्या ग्रंथाचा पहिला अवतरलेला शब्द ‘वाच’ असा आहे, त्या ग्रंथावर तिची श्रद्धा होती. मुलाच्या वाचण्याची भीती तिला का वाटावी?

पण अम्मीचे हे शहाणपण मला माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत दाखवता आले नाही. मधल्या काळात तो धर्माच्या आचरणात फार काटेकोर झाला. माझी कविता, संतसाहित्यावरची माझी भाषणे त्याला खटकू लागली, आणि त्याचा काटेकोरपणा मला. मी त्याला पुस्तके पाठवायचो, हे वाच, ते वाच, म्हणजे डोळे उघडतील. त्याने एकही उघडले नाही. दोन वर्षे आमचे बोलणे ईदेपुरते उरले. एका रात्री ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा चाळताना जाणवले, की मी त्याला पुस्तके देत नव्हतो, फेकून मारत होतो. रेल्वेतल्या त्या प्रवाशाने आधी जागा करून दिली होती, गप्पा मारल्या होत्या, मग पुस्तक दिले होते. मी दुसऱ्या दिवशी भावाकडे गेलो आणि विचारले, ‘‘तू सध्या काय वाचतोस? मला दे.’’ त्याने जरा संशयानेच एक पुस्तक दिले. मी ते पुरे वाचले. सगळे पटले नाही. पण त्याला रात्री झोप का लागत नव्हती आणि आता का लागते, ते मला कळले. आज आम्ही एकमेकांशी असहमत असतो आणि एका ताटात जेवतो.

आमच्याकडे म्हणतात, ईमान वाढते आणि घटतेही. ते झाडासारखे आहे, मैलाच्या दगडासारखे नाही. टिळकांकडे पाहिले की हे पटते. ख्रिस्ती झाले म्हणजे पोहोचलो, असे त्यांनी मानले नाही. १९१२पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून त्यात एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. ख्रिस्ताच्या जीवनावर ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतले होते, त्याचे दहा-अकरा अध्याय झाले होते.

ते पुढे कोणी नेले? जोडाक्षरांशी झटापट करणाऱ्या लक्ष्मीबाईंनी! ‘ख्रिस्तायना’च्या ७६ अध्यायांपैकी ६४ त्यांचे आहेत. १९३६ साली त्या गेल्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी, लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या पुस्तकाने एकदा घर मोडले होते, त्याच पुस्तकाची कथा पुढे त्या घरातल्या तिघांनी मिळून लिहिली.

कवितावाचनाच्या निमित्ताने मी कधीमधी राजनांदगावच्या बाजूला जातो. कामठी, भंडारा, गोंदिया, डोंगरगड अशी गाडी जाते. डब्यात आता सगळ्यांच्या हातात मोबाइल असतो. तरी सवयीने मी पिशवीत एक जास्तीचे पुस्तक ठेवतो. समोरच्याला आधी जागा करून द्यायची, गाव विचारायचे, त्याचे ऐकून घ्यायचे. पुस्तक द्यायची वेळ येतेच असे नाही. बहुतेक वेळा ऐकण्यातच डोंगरगड येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)