अक्षराच्या जागी चौकोन का उमटतो?

बीड जिल्ह्यातील जुन्या महसुली दप्तरांत तीन लिप्या एकत्र नांदतात: बाळबोध म्हणजे देवनागरी, मोडी आणि उर्दू. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबारी कारभार उर्दूत चाले आणि गावपातळीवरची लिखापढी बरीचशी मोडीत होई. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा ही दप्तरे पुन्हा उघडली गेली. एखाद्या कुटुंबाचा दाखला पणजोबांच्या नावापुढील एका शब्दावर अडलेला, आणि तो शब्द वाचणारे जाणकार मोजकेच, अशी स्थिती अनेक ठिकाणी दिसली.

जाणकाराने नोंद वाचली तरी काम संपत नाही. ती संगणकावर उतरवायची, शोधता येईल अशी साठवायची आणि दुसऱ्या कार्यालयातील संगणकावरही तशीच दिसायला हवी. इथे फॉन्टचा प्रश्न येतो.

अक्षरामागचा क्रमांक

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. ‘युनिकोड’ या जागतिक प्रमाणकात प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. ‘बीड’ हा शब्द साठवला जातो तो २३४८, २३६८ आणि २३३७ या तीन क्रमांकांच्या रूपात. पहिला ‘ब’चा, दुसरा दुसऱ्या वेलांटीचा आणि तिसरा ‘ड’चा. फॉन्ट म्हणजे या क्रमांकांना आकार देणारा आकृत्यांचा संच. त्यात एखाद्या क्रमांकाची आकृतीच नसेल, तर संगणक तिथे रिकामा चौकोन काढतो. त्या चौकोनाला तंत्रज्ञ गमतीने ‘टोफू’ म्हणतात.

भारतीय लिप्यांत नुसत्या आकृत्या पुरत नाहीत. ‘शिरूर’ लिहिताना आधी ‘श’ आणि मग वेलांटी साठवली जाते, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसावी लागते. ‘आष्टी’मध्ये आ, ष, हलन्त, ट आणि वेलांटी असे पाच क्रमांक असतात, डोळ्यांना मात्र दोनच अक्षरे दिसतात. कोणाचे जोडाक्षर करायचे, रफार कुठे बसवायचा, हे नियमही फॉन्टमध्ये भरावे लागतात. म्हणूनच काही जुन्या उपकरणांवर ‘आष्टी’चा ‘ष’ पाय मोडून वेगळा उभा राहिलेला दिसतो.

दर्या आणि दऱ्या

मराठीची आणखी एक कसोटी आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ बालाघाटाच्या डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे यातला फरक लग्नघरात कोणालाही कळतो. हिंदीला या अर्ध्या ‘ऱ’ची गरज पडत नाही. त्यामुळे केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेला फॉन्ट इथे अडखळू शकतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हेही हिंदीपेक्षा निराळे आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे कळले की तो आपले वळण वापरतो. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित केली, त्यामागेही हेच कारण होते.

युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेल्या असत. मूळ फॉन्ट नसला की अशा फायलीत नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे चारशे वर्षांपूर्वी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली पासोडी अजून वाचता येते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलेला कार्यालयीन मजकूर मात्र आज उघडल्यावर वाचता येईलच, याची खात्री नाही.

सगळ्या लिप्यांचा एक संसार

युनिकोडमध्ये आज दीड लाखाहून अधिक चिन्हे आणि दीडशेहून अधिक लिप्या आहेत. या सगळ्यांसाठी एकच फॉन्ट का करत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. अडचण फायलीच्या रचनेतच आहे. प्रचलित फॉन्ट-फायलीत आकृत्यांची मोजणी १६ बिटांत होते, म्हणून एका फायलीत ६५ हजार ५३५ पेक्षा जास्त आकृत्या मावत नाहीत. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक लिपीचा वेगळा फॉन्ट करायचा आणि सगळ्यांची ठेवण एकाच घराण्यातली राखायची.

गुगल आणि मोनोटाइप यांनी हेच केले. ‘नो टोफू’वरून त्याचे नाव ‘नोटो’ पडले. सुमारे पाच वर्षांच्या कामानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ८०० हून अधिक भाषांसाठीचा हा संच जाहीर केला. मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते जून २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत, ७९ चिन्हांसह. आता नोटो घराण्यात मोडीचा फॉन्ट आहे आणि उर्दूच्या नस्तालिक वळणाचाही आहे. म्हणजे बीडच्या दप्तरातील तिन्ही लिप्या एकाच पानावर, एकही चौकोन न उमटता लिहिता येतात.

यात सर्वांत अवघड आहे ते लिप्यांचे एकमेकींशी जमवणे. देवनागरी शिरोरेषेला लटकते, रोमन अक्षरे तळरेषेवर उभी राहतात, तर नस्तालिक उजवीकडून डावीकडे तिरकी उतरत जाते आणि तिला दोन ओळींत जास्त जागा लागते. तिन्ही शेजारी ठेवल्यावर एक ठळक आणि दुसरी फिकी दिसू नये, यासाठी रेषांची जाडी आणि अक्षरांची उंची पुन्हा पुन्हा जुळवावी लागते.

या कामात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवली. विंडोजमधील ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्टही त्यांच्याच हातचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट अनेक भारतीय लिप्यांत केले. ‘बलू’च्या लिपीनिहाय नावांत गुजरातीसाठी ‘भाई’, बंगालीसाठी ‘दा’, तमिळसाठी ‘तंबी’, मल्याळमसाठी ‘चेट्टन’ आणि उर्दूसाठी ‘भाईजान’ आहे. सगळी नावे भावाचीच.

वाटून घेण्याचा परवाना

नोटो, मुक्त आणि बलू हे तिन्ही ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली मिळतात. एसआयएल या संस्थेने २००५ मध्ये तयार केलेला हा परवाना फॉन्ट फुकट वापरण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा देतो. फॉन्ट नुसताच सुटा विकता येत नाही आणि बदललेला फॉन्टही याच परवान्याखाली द्यावा लागतो. तालुक्याच्या कार्यालयाला, शाळेला किंवा छोट्या छापखान्याला याचा थेट लाभ होतो. एखादे जोडाक्षर चुकत असेल, तर जाणकाराला ते दुरुस्त करून सर्वांना देता येते.

मात्र फॉन्ट असला म्हणजे मोडी वाचता येते असे नाही. हस्तलिखिताचे छायाचित्र वाचणे हे वेगळे शास्त्र आहे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि हात न उचलता लिहितात, त्यामुळे यंत्राचा गोंधळ उडतो. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर यांचा संच यंत्राला शिकवण्यासाठी तयार केला. अशी साधने हळूहळू सुधारतील. तरीही शेवटचा निवाडा बराच काळ मोडी जाणणाऱ्या माणसालाच करावा लागेल.

तोवर सामान्य वापरकर्त्यालाही थोडे करता येईल. महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्येच टंकावा, जुन्या फॉन्टमधील फायली वेळेत रूपांतरित करून घ्याव्यात आणि नवा फॉन्ट निवडताना आष्टी, शिरूर, दर्या, दऱ्या हे चार शब्द आधी लिहून पाहावेत. दाखल्यावर एखाद्याचे नाव नीट उमटेल की नाही, याचा अंदाज तिथेच येतो.