बाळापूरच्या शिवारातले हरितलवक

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना वारंगा फाटा मागे पडला की आखाडा बाळापूर लागतं. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळद, सोयाबीन आणि ऊस. शेजारच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बोलणं झालं ते जमिनीचं आणि कुरकुमिनचं. कंद ज्याच्या कमाईवर पोसतो त्याचं नाव कुणी घेतलं नाही. ते साहजिकच; तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.

हा कमावता म्हणजे पानाच्या पेशीतलं हरितलवक. त्याची लांबी 5 ते 10 मायक्रोमीटर. पानाच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये अशी सुमारे 5 लाख असतात. बाहेरून दोन पातळ पटलं, आत दाटसर द्रव, आणि त्या द्रवात टोपल्यातल्या भाकरींच्या चवडीसारख्या रचलेल्या चपट्या पिशव्या. हरितद्रव्य या पिशव्यांच्या पटलात बसलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो.

ऊन पडलं की चवडीत पाणी फुटतं. चार मँगनीज आणि एक कॅल्शियम अशा धातूंच्या पाच अणूंचा एक पुंजका हे काम करतो. ऑक्सिजन बाहेर पडतो तो इथूनच, कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे. 1930 च्या दशकात रॉबिन हिल यांनी पेशीतून वेगळ्या काढलेल्या हरितलवकांना उजेड आणि लोहाचा क्षार देऊन ऑक्सिजन सोडायला लावलं होतं. उजेडातून मिळालेली शक्ती मग चवडीबाहेरच्या द्रवात खर्च होते. तिथे रुबिस्को नावाचं प्रथिन हवेतला कार्बन पकडतं आणि साखरेची सुरुवात होते. ही साखळी उलगडल्याबद्दल मेल्विन कॅल्व्हिन यांना 1961 चं नोबेल मिळालं.

रुबिस्को मात्र भलतंच संथ. सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू. म्हणून झाड ते ढिगाने बनवतं, आणि प्रथिन म्हटलं की नत्र आलंच. हळद-सोयाबीनसारख्या पिकाच्या पानातल्या नत्राचा मोठा हिस्सा, तीन चतुर्थांशापर्यंत, हरितलवकांतच गुंतलेला असतो. युरियाचं पोतं रिकामं झाल्यावर आठवड्याभरात शिवार काळंभोर दिसतं, ते यामुळे.

पान पिवळं पडलं की शेतकरी कृषी सेवा केंद्र गाठतो आणि बरेचदा भलतंच टॉनिक घेऊन परततो. खरं तर निम्मं निदान पानच सांगतं. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतली हरितलवकं मोडून नत्र वर पाठवतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी. चुनखडीच्या काळ्या रानात सोयाबीनचं उलटं होतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतं, पण ते घडवायला लागतं; आणि जुन्या पानातलं लोह झाड सहजी वर नेत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, जमिनीत टाकण्यापेक्षा फवारलेली बरी.

उसाची तऱ्हा वेगळी. रुबिस्को कधीकधी कार्बनऐवजी ऑक्सिजनच पकडतं, आणि ऊन तापलं की ही चूक वाढते. हळद आणि सोयाबीन त्यात कमाईचा बराच वाटा गमावतात. उसाने, ज्वारीने आणि मक्याने दोन प्रकारची हरितलवकं ठेवून यातून वाट काढली. एक बाहेरच्या पेशींत, कार्बन गोळा करायला. दुसरी शिरांभोवतीच्या पेशींत, जिथे तो कार्बन दाटीने सोडला जातो आणि रुबिस्कोला चुकायला वावच उरत नाही. या आतल्या हरितलवकांत चवडी जवळपास नसतातच. हॅच आणि स्लॅक यांनी हा मार्ग 1966 मध्ये मांडला, तोही उसावरच काम करून.

काही तणनाशकंही हरितलवकातच घाव घालतात. अ‍ॅट्राझिन चवडीतल्या एका प्रथिनाला चिकटून इलेक्ट्रॉनांची वाट अडवतं. मका आणि ज्वारी ते औषध पचवतात, तण मरतं. पॅराक्वाट तर इलेक्ट्रॉन वाटेतच पळवून ऑक्सिजनला देतं आणि त्याचं विषारी रूप तयार करतं. म्हणून भर उन्हात फवारलेलं गवत संध्याकाळपर्यंत करपतं. माणसाच्या पोटात गेलं तर या औषधावर उतारा नाही, हे डब्यावरच्या बारीक अक्षरांपेक्षा मोठ्याने सांगायला हवं.

मे-जूनमध्ये लावलेल्या हळदीचा पाला हिवाळ्यात पिवळा पडू लागतो. हा रोग नव्हे. पानं हरितलवकं मोडतात, त्यांतलं नत्र काढून घेतात. कमावलेली साखर तोवर कंदात स्टार्च होऊन साठलेली असते, तीही हरितलवकाच्याच भावंडात, रंगहीन लवकात. पाला कापून कंद काढला की माल शिजवायला जातो. वाफेने तो स्टार्च फुगून एकजीव होतो आणि वाळल्यावर हळकुंड कडक होतं.

बेण्याचे गड्डे तेवढे न शिजवता सावलीत राखतात. लवकं नव्याने घडत नाहीत, ती आधीच्या लवकांच्या विभाजनातूनच येतात. बेण्याच्या डोळ्यात ती बारीक, बिनरंगी अवस्थेत असतात. मृगाच्या पावसानंतर कोंब मातीबाहेर येऊन त्याला ऊन लागलं की दोन-तीन दिवसांत त्यांच्यात चवडी रचल्या जातात आणि कोंब हिरवा होतो.